बांधावरचा बहात्तर: उघड्यावरच्या नाटकाचे पाच महिने

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लागोपाठ तीन रात्री, पाझर तलावाच्या खालच्या पडीक रानात, १९७२ च्या दुष्काळावरचं नाटक झालं. ११० कलाकार, सगळे गावातले. तिकीट नाही. मागचा पडदा म्हणून खुद्द तलावाचा बांध, जो त्याच दुष्काळात याच गावच्या लोकांनी घमेल्यांनी माती वाहून घातला होता. डिसेंबरात काम हाती घेतलं तेव्हा कुठला अर्ज कुठे द्यायचा इथपासून अंधार होता. दुसऱ्या कुठल्या गावाला असं काही करायचं असेल तर त्यांचे निदान चार हेलपाटे वाचावेत, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

आधी तारीख. उघड्यावरची रंगभूमी आपल्याकडे शेतीच्या वेळापत्रकावर चालत आली आहे. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या भातपट्ट्याची, नाटकं धान घरात आल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत. कोकणातला दशावतार गावोगावच्या जत्रांबरोबर. आमच्या दुष्काळी पट्ट्यात अर्धं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं आणि पाडव्याच्या आगेमागे परततं. जानेवारीची थंडी प्रयोगाला सोयीची होती, पण तेव्हा नाटक केलं असतं तर ज्यांच्या आजी-आजोबांची ही गोष्ट, तेच लोक फडावर राहिले असते. म्हणून एप्रिल. दहावी-बारावीच्या परीक्षा संपलेल्या, रान मोकळं. त्याची किंमत म्हणजे वळवाचा पाऊस आणि उशिरा होणारा अंधार. आमच्या भागात एप्रिलच्या मध्यावर सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, आणि दिवे खरे दिसायला सव्वासात उजाडतात. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद. मध्ये उरतात पावणेतीन तास, त्यातून लोक बसायला अर्धा तास आणि अडचणींसाठी अर्धा तास राखला की नाटक पावणेदोन तासांच्या वर जाता कामा नये. लेखकाला हा आकडा पहिल्याच दिवशी सांगा. आम्ही जानेवारीच्या मध्यावर सांगितला, आणि तीन तासांची संहिता कापायला दहा दिवस गेले.

तिथीही बघितली. चांदण्या रात्री बांधावरच्या आकृत्या ठळक उठत नाहीत, रंगमंच काळा करता येत नाही. म्हणून वद्य पक्षातले दिवस धरले. मग घरी परतणाऱ्यांसाठी वस्तीच्या वाटेवर १४ बल्ब लावावे लागले, ते खर्चात धरा.

डिसेंबरभर ऐकण्याचं काम चाललं. दुष्काळी कामावर प्रत्यक्ष गेलेली २३ माणसं भेटली, सगळी सत्तरीच्या वरची. मोबाइलवर आवाज टिपून घेतला, प्रत्येकाची संमती कागदावर घेतली, आणि संहितेत कुणाचंही खरं नाव ठेवायचं नाही असं ठरवलं. तारखांबाबत इथेच एक चूक सापडली. पहिल्या खर्ड्यात बहात्तरच्या प्रवेशात मुकादम ‘रोजगार हमीचा कायदा’ म्हणत होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर गेली ती १९७२ मध्ये, पण कायदा झाला १९७७ ला. शिवाय म्हातारी माणसं त्याला योजना म्हणतच नव्हती. ‘दुष्काळी काम’ एवढाच शब्द. तोच ठेवला. गाण्यांसाठी जात्यावरच्या ओव्या घेतल्या, गावातल्याच बायकांच्या आवाजात. सिनेमाचं एकही गाणं नसल्यामुळे संगीताच्या परवान्याचा प्रश्न उरला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली. आपल्या राज्यात जाहीर प्रयोगासाठी हे प्रमाणपत्र लागतं, हौशी मंडळींनाही. टाइप केलेली स्वच्छ प्रत, प्रत्येक पानावर क्रमांक, लेखकाचं संमतीपत्र. आमच्या हातात प्रमाणपत्र यायला २६ दिवस लागले. मंजूर झालेल्या प्रतीच्या पाच झेरॉक्स लगेच काढून ठेवा, कारण पुढचं प्रत्येक कार्यालय ती मागतं. आणि तालमीत नवा प्रवेश घालायचा मोह झाला तर आवरा. वाढवलेला मजकूर पुन्हा मंडळाकडे पाठवावा लागतो.

जागेवरून एक माघार घ्यावी लागली. मनात होतं शाळेमागचं मैदान, पण त्याला लागून प्राथमिक आरोग्य केंद्र. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकतो, आणि तिथे लाऊडस्पीकरचा विचारच सोडा. म्हणून तलावाखालचं गायरान पाहिलं आणि बांध समोर दिसला. माघार घेतली ते बरं झालं.

गायरानाच्या सातबाऱ्यावर शासनाचं नाव, त्यामुळे ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलची परवानगी असं दोन्ही लागलं. ठराव मासिक सभेत होतो, सभा हुकली की महिना गेला. त्याची साक्षांकित प्रत मागून घ्या, साध्या झेरॉक्सवर अर्ज परत येतो. बांधासाठी जलसंधारणाच्या कार्यालयाचं ना हरकत पत्र वेगळं. त्यात तीन अटी आल्या: बांधावर खड्डा खणायचा नाही, खुंटी ठोकायची नाही, वाहन चढवायचं नाही. दहा हजारांची अनामत. अटी वाचून आधी मंडपवाल्याने हात वर केले. मग बांधावरच्या दिव्यांचे स्टँड पाण्याने भरलेल्या २०० लिटरच्या पिंपांना बांधायचं ठरलं. भरलेलं पिंप दोनशे किलोच्या वर जातं, आणि खुंटीपेक्षा ते सोयीचंच पडलं, कारण दिव्याची जागा बदलायची झाली की पाणी सोडा, पिंप सरकवा, पुन्हा भरा.

पोलीस ठाण्यात अर्ज महिनाभर आधी दिला. आमच्याकडे मागितलेली कागदं अशी: जागेची परवानगी, मंडळाचं प्रमाणपत्र, ६० स्वयंसेवकांची यादी, पार्किंगचा नकाशा, विजेच्या कामाचा परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल, अग्निशामक नळकांड्यांची पावती. लाऊडस्पीकरचा अर्ज निराळा. मार्चमधले सलग तीन आठवडे एक माणूस याच कामाला लागला होता. सांभाळायचा नियम एकच: प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि आवक क्रमांक. एका टेबलावर आमची फाइल नऊ दिवस सापडत नव्हती, आवक क्रमांकामुळे दहा मिनिटांत निघाली.

बैलांचा विषय इथेच मिटला. दुष्काळातल्या गुरांच्या छावणीच्या प्रवेशात तीन बैलजोड्या आणायच्या होत्या. प्रयोगात जनावर आणायचं तर २००१ च्या नियमांप्रमाणे प्राणी कल्याण मंडळाकडे त्याची नोंदणी लागते, आणि दिव्यांच्या झोतात, एवढ्या आवाजात बैल बुजला तर पुढच्या रांगेत पोरं बसलेली. बैल रद्द केले. त्याऐवजी एक म्हातारा रिकामं जू खांद्यावर घेऊन बांधावरून चालत जातो, हातात घुंगूरमाळ. बैल छावणीत मेला हे कुणी बोलून सांगत नाही. तिन्ही रात्री या जागी मैदान पार शांत झालं. खरे बैल उभे केले असते तर हे साधलं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

आता शेवटच्या रांगेबद्दल, कारण मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. नाट्यगृहात जे कधी जात नाहीत ते लोक उघड्यावरच्या नाटकाला येतात. काठी टेकत येणारी म्हातारी, मांडीवर तान्हं असलेली बाई, दिवसभर रानात राबून उशिरा पोचणारा गडी. हे सगळे मागे बसतात. तान्ह्याची आई मुद्दाम कडेला बसते, रडलं की उठता यावं म्हणून. तेव्हा आराखडा रंगमंचापासून काढू नका, शेवटच्या रांगेत जमिनीवर बसा आणि तिथून काढा.

आमची प्रेक्षागृहाची जागा ४० मीटर रुंद, ४५ मीटर खोल. पुढे ताडपत्र्या, मग खुर्च्या, सगळ्यात मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. जमिनीवर बसलेल्याचा डोळा अडीच फुटांवर, खुर्चीवरच्याचा चार फुटांवर. याचा अर्थ सपाट जमिनीवर चाललेलं काहीही दहाव्या रांगेच्या मागे दिसत नाही, दिसतात ती पुढच्याची डोकी. म्हणून २, ५ आणि ८ फुटांचे तीन मंच केले, आणि महत्त्वाचा एकही संवाद जमिनीवर ठेवला नाही. जमीन फक्त गर्दीसाठी. १८ फूट उंचीचा बांध चालत्या माणसांच्या ओळींसाठी. ट्रॉल्यांच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले आणि प्रत्येकीत पंधरा माणसं मोजून बसवली.

मंडपवाला मागे २० बाय ४० फुटांचं फ्लेक्स लावतो म्हणत होता. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यातही एवढ्या कापडावर साधारण साडेचारशे किलोचा रेटा येतो, आणि वळवाच्या आधीचा वारा त्याहून कितीतरी जोरात असतो. फ्लेक्सचं शिड झालं तर बल्ल्या लोकांवर येतात. फ्लेक्स नको.

आवाजावर सगळ्यात जास्त डोकं लावावं लागलं. बऱ्याच महानाट्यांत सगळे संवाद आधी ध्वनिमुद्रित करतात आणि कलाकार त्यावर ओठ हलवतात. ११० माणसांना माइक देणं शक्य नसतं, त्यामुळे त्या पद्धतीत चूक काही नाही. पण गावच्या माणसाचा आवाज गाव ओळखतं, आणि तो आत्ता, समोर निघतोय हेही ओळखतं. आम्ही मध्यममार्ग काढला: सूत्रधार आणि सहा मुख्य पात्रांना कॉलर माइक, ओव्या आणि गर्दीचा कल्लोळ ध्वनिमुद्रित. प्रत्येक प्रयोगाला नवे सेल, माइकवर फोमची टोपी, आणि ट्रान्समीटरला घाम लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी.

सगळे स्पीकर पुढे ठेवून आवाज वाढवला तर पुढच्यांचे कान फुटतात आणि मागच्यांना शब्द कळत नाहीत. शिवाय कायद्याची मर्यादा आहे: मैदानाच्या हद्दीवर त्या भागासाठी ठरलेल्या पातळीच्या वर १० डेसिबल किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल ते. राहत्या वस्तीला दिवसाची पातळी ५५, म्हणजे आमच्या वाट्याला ६५ आले. यावर उपाय म्हणजे पुढचे स्पीकर १२ फुटांवर चढवून लोकांकडे झुकवणं, आणि ३० मीटरवर दुसरी लहान जोडी. त्या जोडीला विलंब द्यावा लागतो. एप्रिलच्या गरम हवेत आवाज सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ३० मीटरला ८६ मिलिसेकंद. त्यात दहाएक मिळवून मिक्सरवर ९५ ठेवले. मग मागच्या माणसाला आवाज रंगमंचावरूनच येतोय असं वाटतं. विलंब दिला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

मार्च-एप्रिल रोज रात्री आठ ते दहा तालीम. ११० माणसांच्या आठ टोळ्या केल्या, प्रत्येकीला एक मुकादम. दिग्दर्शकाने फक्त आठ जणांशी बोलायचं. प्रयोगात सहा वॉकीटॉकी आणि निळ्या बॅटरीचा इशारा.

तालमीला म्हातारी माणसं रोज येऊन बसायची आणि नाटक खरं सुधारलं ते त्यांनी. पहिल्याच आठवड्यात पोरींनी डोक्यावर घमेली घेतली आणि सरळ चालू लागल्या. एक आजी उठल्या, म्हणाल्या, ‘‘चुंबळ कुठंय गं? असं दिसभर वाहिलं असतं तर टाळू राहिली असती का?’’ त्यांनी जुन्या लुगड्याची हातभर पट्टी मागितली, दोन बोटांभोवती सैल वेटोळं घातलं, टोक आतून ओवून दाबलं आणि चुंबळ पोरीच्या डोक्यावर मध्ये नाही, जराशी पुढे बसवली. घमेलं ठेवल्यावर पोरीची मान आपोआप ताठ झाली, पावलं जवळ आली, मोकळा हात कमरेवर गेला. चालणं बदललं. दुसऱ्या दिवशी चाळीस चुंबळी तयार होत्या. लाल मिलोची, म्हणजे दुष्काळात बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी कशी तुटते, सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारं कोरडं खाणं) वाटताना रांग कुठे मोडते, हेही असंच आलं.

खडी फोडण्याच्या प्रवेशात ८० माणसं एकदम हातोडे मारतात. खऱ्या दगडावर मारलं तर कपच्या उडतात, डोळे जातात. म्हणून जमिनीत लाकडाचे ओंडके पुरले, भोवती फोडलेली खडी पसरली आणि घाव ओंडक्यावर घातले. लाकडाचा आवाज बद्द येतो, तेव्हा आठ ओंडक्यांवर लोखंडी पट्टी ठोकली. दगडाचा खणखणाट त्या आठांतून मिळाला. पुढची रांग तिथून पंधरा फूट मागे. मशालींना गोडंतेल, पेट्रोल कधीही नाही. पेट्रोलची वाफ हवेतच पेट घेते.

विजेसाठी महावितरणची तात्पुरती जोडणी घेतली ती तालमी, पाणी आणि वाटेवरच्या दिव्यांसाठी. प्रयोग पूर्णपणे जनरेटरवर, ६२.५ केव्हीएचे दोन, एक चालू आणि एक तयार. रंगीत तालमीच्या रात्री अचानक एका बाजूचे दिवे भगभगीत झाले आणि दुसऱ्या बाजूचे मंदावले. पॅनलमधला न्यूट्रलचा बोल्ट ढिला होता. तीन फेजवर भार सारखा नसताना न्यूट्रल सुटला की एका फेजवर दाब चढतो, आम्हाला तो २९० व्होल्ट मिळाला. तीन एलईडी पार जळाले, मिक्सर वाचला तो वेगळ्या स्टॅबिलायझरमुळे. त्यानंतर रोज साडेपाचला तिन्ही फेजचा दाब मीटरने मोजायचा, तिन्हींवर भार जवळपास सारखा वाटायचा आणि मगच दिव्यांचं बटण दाबायचं, असा शिरस्ता केला. बाहेरच्या प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच. लोक अनवाणी, जमीन ओली.

पहिल्या रात्री १३०० माणसं. चुकलं ते मागे: उशिरा आलेला ट्रॅक्टर मागच्या स्पीकरच्या केबलवरून गेला आणि शेवटच्या सहा रांगांना वीस मिनिटं काही ऐकू आलं नाही. तिथे स्वयंसेवक होता, पण कळवायचं कुणाला हे त्याला सांगितलेलं नव्हतं. सकाळी केबल वाटेवर १८ फूट उंचीवरून नेली, बाकी ठिकाणी सहा इंच पुरली आणि एक वॉकीटॉकी कायमचा शेवटच्या रांगेत दिला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला वळीव आला. बारा मिनिटं पडला, पण गडगडाट सुरूच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणीही लोखंडी स्टँडला हात लावायचा नाही, हा नियम आधीच ठरलेला होता म्हणून वाद झाला नाही. मिक्सरवर प्लास्टिक होतं, जोडण्यांवर नव्हतं. त्या पुसून, मोजून सुरू करायला आठ दहा झाले. अडचणींसाठी थोडा वेळ हाताशी ठेवून दहाची वेळ गाठायची तर काही तरी सोडणं भाग होतं. गाळायचे दोन प्रवेश आम्ही मार्चमध्येच चिठ्ठीवर लिहून मुकादमांना दिले होते, त्यामुळे वॉकीटॉकीवर ‘‘चिठ्ठी’’ एवढाच शब्द पुरला. नऊ पन्नासला संपलं. अशी चिठ्ठी प्रत्येकाने करावी.

तिसऱ्या रात्री अंदाजे २२०० लोक आले, शेजारच्या गावांतून टेम्पो भरून. बारा फुटांच्या दोन वाटा बाहेर पडायला ठेवल्या होत्या आणि त्यांत एकही खुर्ची येऊ दिली नाही, म्हणून निभावलं. बायका शेवटपर्यंत थांबल्या याचं एक कारण सहा फिरती शौचालयं आणि तिथवरच्या वाटेवरचा उजेड. हा खर्च कापायची सूचना दोनदा आली होती, दोनदा हाणून पाडली.

नाटक संपल्यावर लोक उठत नव्हते. बांधाकडे बोट दाखवून म्हातारी माणसं नातवंडांना सांगत होती, आमची टोळी त्या टोकाला होती, मुरूम त्या खाणीतून यायचा. ज्या बांधावर पोरं रोज म्हशी घेऊन जातात, तो कुणी घातला हे कित्येकांना त्या रात्री कळलं. एवढ्यासाठीच नाटक बांधाखाली करायचं. सभागृहात हा बांध कुठून आणणार?

खर्च एकूण ३ लाख ९ हजार: ध्वनी ७५ हजार, दिवे ६०, मंच-मंडप-खुर्च्या ५५, जनरेटर आणि डिझेल ४२, तालमीचा चहा-नाश्ता २१, कपडे १८, ध्वनिमुद्रण १५, पाणी आणि शौचालयं १४, विमा आणि कागदपत्रं ९. सगळी लोकवर्गणी. कुणी पैसे दिले, कुणी ट्रॉली, कुणी जुनी लुगडी, आणि सगळ्याचा हिशेब पंचायतीच्या फळ्यावर लावला.

मंडप सोमवारी दुपारपर्यंत उतरला. ओंडक्यांचे खड्डे बुजवले, तारांचे तुकडे आणि खिळे चुंबक फिरवून वेचले, कारण मंगळवारपासून तिथे गुरं चरणार होती. बांधाची पाहणी झाली, अनामत १९ दिवसांनी परत मिळाली. आवाज टिपलेल्या २३ मुलाखती आणि संहितेची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवली आहे. नाटकासाठी आणलेली दोन ब्रास खडी उरली होती, ती वस्तीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत टाकली.